नोंद झाली

जाधवांच्या खोलीत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. देवळात जाताना एखादे वेळी विसरतील अशी माणसंसुद्धा तिथे विसरत नसत, कारण जाधव दाराकडे तोंड करून बसायचे आणि येणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघण्याआधी पायांकडे बघायचे. आमच्या ट्रस्टचे कार्यवाह नाना एकदा तावातावाने आले ते बूट घालूनच आत शिरले. जाधव उठून उभे राहिले, हात जोडून नमस्कार केला आणि "नाना, धूळ" एवढंच म्हणाले. नाना बाहेरच्या बाकावर बसून नाड्या सोडत बसले. त्या दिवसापासून नानांनी जाधवांना मनातून माफ केलं नाही, आणि मला मात्र ते त्या दिवसापासून आवडायला लागले.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या वरच्या अंगाला आमच्या ट्रस्टचं डोळ्यांचं छोटं रुग्णालय होतं. मी तिथे चष्म्याचे नंबर काढायची. मुंबईहून सर्जन यायचे, मोतीबिंदूची शिबिरं व्हायची, आणि देवरूखकडची, लांज्याकडची, पार पूर्णगडकडची म्हातारी माणसं नाव नोंदवून जायची नि शिबिराच्या दिवशी गाठोडी घेऊन हजर व्हायची. यादीत नाव असेल त्याचं ऑपरेशन व्हायचं. नसेल त्याला पुढच्या शिबिराला या म्हणून सांगायचं, आणि पुढचं शिबिर काही महिन्यांनी. एका देणगीदाराने ट्रस्टला कॉम्प्युटर दिला, तेव्हा ही नोंदणी त्याच्यावर करायची असं ठरलं. मशीन आलं, आणि त्याच्या मागोमाग जाधव आले.

वसंत जाधव देवरूखच्या पुढच्या एका खेड्यातल्या बौद्धवाडीतले. वडील मुंबईला गोदीत होते. मुलगा गावच्या शाळेनंतर तिथेच शिकला, इंजिनियर झाला, एका कंपनीत बरी नोकरी करत होता. आई गाव सोडायला तयार नाही म्हणून हा पस्तिशीचा गडी निम्म्या पगारावर रत्नागिरीत परत आला. पांढरा स्वच्छ शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि बुटांना असं पॉलिश की रुग्णालयातल्या पोरी त्यात बघून भांग काढू म्हणायच्या. आवाज हळू. इतका हळू की समोरच्याला पुढे वाकून ऐकावं लागे, आणि मला वाटतं त्यांनाही ते तसंच हवं असायचं.

धुळीचा एवढा बाऊ करणारा हा माणूस त्या पवित्र खोलीत मासे ठेवायचा. रोज दुपारी चहाच्या वेळेला जाधव खाली मिरकरवाड्याच्या बंदरावर उतरायचे, झैनबबीच्या पाटीसमोर उकिडवे बसायचे, एकेका बांगड्याचे कल्ले उघडून बघायचे आणि पिशवी घेऊन वर यायचे. संध्याकाळपर्यंत मासा टिकायला हवा. अख्ख्या रुग्णालयात एसी दोनच, एक ऑपरेशनच्या खोलीत आणि एक जाधवांच्या. ऑपरेशनच्या खोलीत ठेवता येत नव्हते म्हणून इथे, असं ते स्वतःच सांगायचे. एसीच्या खाली खिळ्याला पिशवी टांगलेली असायची, आणि कागदाचा, गरम तारांचा नि बांगड्यांचा मिळून जो एक वास त्या खोलीला होता तो मला अजून ओळखता येईल. "मशीनला मासा चालतो," ते म्हणायचे, "धूळ चालत नाही."

त्या मशीनला आधी मोठी डिस्क नव्हतीच. मग ट्रस्टने मुंबईहून एक जुनी डिस्क स्वस्तात आणवली, शिवणयंत्राच्या डोक्याएवढी जड. ती आली आणि मशीनशी बोलेचना. दोघांची भाषा वेगळी, मध्ये एक प्रोग्राम लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात, आणि या जोडीसाठी तो कुठेच मिळत नाही, असं मुंबईहून कळलं. नाना म्हणाले, परत पाठवा. जाधव म्हणाले, मी लिहितो.

ते काय लिहीत होते हे मी एकदा विचारलं, तेव्हा त्यांनी मला खाणावळीचं उदाहरण दिलं. "बाई, तुम्ही टेबलावर बसलात. आत आचारी आहे. तुम्ही आचाऱ्याशी बोलत नाही, वाढप्याशी बोलता. तो आत जाऊन सांगतो, झालं की येऊन सांगतो, झालं म्हणून. ड्रायव्हर म्हणजे तो वाढपी. आता मध्येच चूल विझली तर? वाढप्याने गोंधळायचं नाही. चूल पेटवायची, आचाऱ्याला जाग्यावर आणायचं, आणि काम पुढे चालू करायचं. खरी हुशारी तिथे आहे. सगळं नीट चाललेलं असताना कुणीही वाढेल."

सगळा उन्हाळा ते त्यात होते. झालं त्या दिवशी त्यांनी आम्हाला सगळ्यांना खोलीत बोलावलं, अर्थात अनवाणी, आणि नोंद चालू असताना डिस्कची वायर उपटून काढली. पडद्यावर चूक झाल्याचा इशारा आला. वायर परत लावली, डिस्क घुरघुरली, आणि मशीन पुन्हा कामाला लागलं. नर्सेसनी टाळ्या वाजवल्या. जाधवांनी घरून बांगड्यांचं तिखलं करून आणलं होतं, ते पावाबरोबर सगळ्यांना वाढलं. इतक्या आनंदात मी त्यांना पुन्हा कधी बघितलं नाही.

टाळ्या वाजवण्यात सगळ्यात पुढे रेहाना होती. मिरकरवाड्यातलीच मुलगी, वडील ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके. मॅट्रिक होऊन टायपिंगच्या परीक्षा दिलेल्या, आणि घरातली हापिसात नोकरीला लागलेली पहिली बाई. तिला मशीनवर बसायला जाधवांनीच शिकवलं. ती बोटांकडे न बघता टाइप करते याचं त्यांना एवढं कौतुक की येणाऱ्या-जाणाऱ्याला उभं करून दाखवायचे. रुग्ण समोर बसायचा, रेहाना नाव, गाव, वय, डोळा कुठला ते टाकायची, पडद्यावर इंग्रजी अक्षरांत 'नोंद झाली' असं यायचं, आणि मग ती तारखेची चिठ्ठी लिहून द्यायची. म्हाताऱ्यांना ती ते दोन शब्द मोठ्याने वाचून दाखवायची. "आजी, नोंद झाली हां. आता नातू बघायला तयार ऱ्हावा."

जाधवांचं एक वाक्य होतं. कुणी काही तक्रार घेऊन आलं, तारीख चुकली म्हणा, वय चुकलं म्हणा, की ते शांतपणे म्हणायचे, "मशीन खोटं बोलत नाही." आणि बहुतेक वेळा बरोबर निघायचे. सांगणाऱ्याचीच काहीतरी चूक असायची. आम्ही त्यांना त्यावरून चिडवायचो. कँटीनवाल्याचा चहा बेचव झाला की कुणीतरी म्हणायचं, मशीनला विचारा. एकदा मी त्यांना म्हटलं, "जाधव, एखादे दिवशी म्हणून बघा तरी, चुकलं माझं. काही होत नाही माणसाला." ते हसले नाहीत.

"बाई, तुमचं चुकलं तर लोक म्हणतील, पाटणकरबाईंना आज बरं नसेल. माझं चुकलं तर म्हणतील, शेवटी काय..." आणि ते तिथेच थांबले. पुढचं मी विचारलं नाही. मला ते पुढचं माहीत होतं. ज्या घरांत मी लहानाची मोठी झाले तिथे ते वाक्य पुरं म्हटलेलं मी ऐकलेलं होतं.

पावसाळ्यानंतर सगळं सुरळीत सुरू झालं आणि हिवाळ्यात पहिली कुरबूर झाली. शिबिराच्या दिवशी दोन-तीन माणसं अशी आली की हातात चिठ्ठी आहे, पण छापलेल्या यादीत नाव नाही. पुढच्या शिबिरात पुन्हा तसंच. मे महिन्यातल्या शिबिरात तर माखजनकडची एक म्हातारी नातवाच्या खांद्याला धरून आली. दोन्ही डोळे गेलेले, हातात रेहानाच्या अक्षरातली चिठ्ठी. यादीत नाव नाही. टेबलं सगळी भरलेली, सर्जन दुसऱ्या दिवशी निघणार. ती पायरीवर बसून राहिली. मधूनमधून चिठ्ठी चाचपायची. बघवेना, म्हणून मी माझ्या खोलीचं दार लावून घेतलं.

नानांनी त्याच दुपारी सगळ्यांना जाधवांच्या खोलीत गोळा केलं. त्यांच्या डोक्यात हिशेब तयार होता. रेहानाने चिठ्ठी द्यायची, पण नाव टाकायचं नाही, म्हणजे त्या जागी आपल्या माणसांना पुढे घेता येतं. यादीत मिरकरवाड्याची नावं किती आहेत बघा. अहो, रुग्णालय मिरकरवाड्याच्या डोक्यावर आहे, तिथलीच माणसं जास्त येणार. पण हे त्या क्षणी कुणी बोललं नाही.

रेहाना उभी होती. रडत नव्हती. ती नानांशी बोललीच नाही, जाधवांकडे बघून बोलली. "साहेब, मी नाव टाकलं होतं. मशीननं 'नोंद झाली' सांगितलंन. मी वाचून दाखवलं आजीला."

नाना म्हणाले, "काय जाधव? मशीनने नोंद झाली म्हटलं आणि नोंद नाही. असं होऊ शकतं?"

सगळी खोली जाधवांकडे बघत होती. जाधवांनी शर्टाच्या खिशातली पेनं सारखी केली. मग त्यांच्या त्या हळू आवाजात ते म्हणाले, "मशीन खोटं बोलत नाही."

रेहानाने एकदाच मान वर केली. मग बाहेर जाऊन चपला घातल्या आणि उतारावरून चालत निघून गेली. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही, आणि तिला येऊ नको म्हणून सांगायचं काम नानांना करावं लागलं नाही.

त्यानंतर जाधव स्वतः नोंदणीला बसायला लागले. आणि काय सांगू, जून गेला, जुलै गेला, एक नाव गहाळ झालं नाही. पावसात वीज जायची, पण वीज पुरती गेली की मशीन बंदच पडायचं, आणि मग चालू झाल्यावर शेवटची नावं पुन्हा टाकायची हा नियमच होता. श्रावणाच्या सुरुवातीला छोटं शिबिर झालं, त्यात यादी आणि चिठ्ठ्या तंतोतंत जुळल्या. नाना प्रत्येकाला सांगत सुटले, बघा, बाई गेली आणि रोग गेला. कँटीनमध्ये, औषधांच्या खिडकीशी, सगळीकडे हेच. जी माणसं आधी कुजबुजत होती ती आता खात्रीने बोलायला लागली. पूर्णगडकडून रेहानासाठी आलेलं स्थळ परत गेलं, तेही आम्ही ऐकलं. मलाही तेव्हा वाटलं होतं की असेल बुवा, पोरीने केलं असेल काहीतरी. हे आठवलं की आजही माझे कान तापतात.

नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात उतरल्या. बंदरावर पुन्हा माशांचे ढीग लागले आणि जाधवांची पिशवी पुन्हा खिळ्याला दिसायला लागली. गणपतीनंतर मोठं शिबिर होतं. त्या शिबिराला जाधवांचे स्वतःचे चुलते आले, धर्मातात्या. ज्यांच्या खांद्यावर बसून जाधव शाळेत गेले होते ते. धुवट धोतर, डोक्याला टोपी, आणि दोन्ही डोळ्यांवर साय धरलेली.

यादीत तात्यांचं नाव नव्हतं.

वॉर्डबॉयने घाबरत घाबरत येऊन सांगितलं. जाधव यादी घेऊन बाहेर आले, पहिल्यांदा अनवाणीच बाहेर आले. तात्या आवाजाच्या दिशेने बघून हसले. "आरं वसंता, नाव नाय म्हंत्यात. मी तं तुज्यासमोरच बसलो हुतो ना? तूच बोललास, तात्या, नोंद झाली म्हणून."

नाव जाधवांनी स्वतःच्या हाताने टाकलं होतं. आता मध्ये कुणीच नव्हतं. चूक ढकलायला कुणीच उरलं नव्हतं. मी तिथेच, नंबरच्या फळ्याशी उभी होते. त्या माणसाचा चेहरा असा झाला की मी नजर काढून घेतली.

त्यांनी तात्यांना हाताला धरून बाकावर बसवलं. मग माझ्याकडे आले. "बाई, ज्या दिवशी तात्या नाव नोंदवायला आले होते, त्या दिवशी संध्याकाळी मी सरंगा नेला होता घरी. तात्यांसाठीच. एवढा ताजा सरंगा त्या आठवड्यात परत मिळाला नाही." मला वाटलं यांचं डोकं फिरलं. ते पुढे म्हणाले, "भरपूर मासा आला की खाली काय सुरू होतं?"

खाली बर्फाचा कारखाना सुरू होतो. हे मिरकरवाड्यात पोरासोरांना माहीत आहे. ट्रॉलर भरून आले की दुपारी कारखान्याचे मोठे पंप एकदम चालू करतात, आणि आमच्या तारेवरची वीज क्षणभर दबते. जात नाही, दबते. दिवा मिचकावतो, पंखा जरा दमतो, की पुन्हा ठीक. आम्ही कुणी मान वर करूनही बघायचो नाही. पावसाळ्यात होड्या बंद, मासा नाही, बर्फ नाही, म्हणून वीज दबत नव्हती. रेहाना गेली म्हणून नव्हे. होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवल्या होत्या म्हणून.

दुसऱ्या दिवशी जाधवांनी कारखान्याच्या फोरमनला फोन लावला आणि सांगितलं की मी म्हणेन तेव्हा पंप चालू करा. मला त्यांनी खोलीत बसवून घेतलं. साक्षीला म्हणाले. नोंदणीचा पडदा उघडला आणि कुणाचं नाव टाकावं याचा जरा विचार करून स्वतःचं टाकलं. जाधव वसंत धोंडू, गाव, वय, डोळा उजवा. फोनमध्ये "हं" म्हणाले, आणि बटण दाबलं. वरची ट्यूब लवली. डिस्क किंचित खाकरल्यासारखी झाली. आणि पडद्यावर अक्षरं आली, नोंद झाली.

मग त्यांनी ते नाव शोधलं. नव्हतं. पुन्हा केलं, पुन्हा नव्हतं. मशीन त्यांच्या तोंडावर सांगत होतं, नोंद झाली, आणि ते नाव कुठेच नव्हतं.

चूक त्यांच्या ड्रायव्हरमध्ये होती, आणि ती त्यांना आता लगेच दिसली. त्यांनी मला पुन्हा खाणावळीचंच उदाहरण देऊन सांगितलं, पण या वेळी आवाजात तो ऐटीचा सूर नव्हता. "चूल विझली. वाढप्याने पेटवली. आचाऱ्याला विचारलं, सगळं ठीक? आचारी म्हणाला, ठीक. आणि वाढप्याने बाहेर येऊन तुम्हाला सांगितलं, झालं. बाई, ते 'ठीक' चुलीबद्दल होतं. जेवणाबद्दल नव्हतं. जेवण जळून गेलं होतं. काय शिजत होतं हे त्याने लक्षातच ठेवलं नव्हतं. मीच त्याला ठेवायला सांगितलं नव्हतं." वायर उपटून त्यांनी पुरती वीज गेल्याची परीक्षा घेतली होती. वीज नुसती दबली तर काय, हे बघितलंच नव्हतं. मुंबईला वीज दबत नसे, आणि इथे आल्यावर त्यांनी ट्यूबकडे वर मान करून कधी बघितलं नव्हतं.

दुरुस्ती चार-पाच दिवसांत झाली. आता डिस्क अडखळली की ड्रायव्हर आधी हातातलं काम बाजूला जपून ठेवायचा, डिस्क जाग्यावर आणायचा, मग तेच काम पहिल्यापासून करायचा, लिहिलेलं परत वाचून बघायचा, आणि तोपर्यंत 'झाली' म्हणायचा नाही. नाहीच जमलं तर घंटा वाजवून तसं सांगायचा. जाधवांनी कारखान्याला पुन्हा पुन्हा पंप चालू करायला लावले. फोरमन वैतागला. आता एकही नोंद हरवत नव्हती.

नानांना ते जाऊन सगळं सांगून आले. नाना म्हणाले, "सुधारलंत ना? मग झालं. आता कशाला वाच्यता? ट्रस्टचं नाव जाईल." जाधव परत आले आणि मला म्हणाले, "बाई, माझ्याबरोबर खाली येता का? मला एकट्याला जायला होत नाही." हे सांगतानाही त्यांना लाज वाटत होती.

रेहानाच्या घराच्या अंगणात जाळं पसरलेलं होतं. ती आणि तिची आई ते दुरुस्त करत बसल्या होत्या. वडील पडवीत होते. जाधवांनी उंबऱ्याबाहेर बूट काढले. ते काय बोलणार हे त्यांनी पाठ करून आणलं असणार, पण ऐनवेळी सगळं पंपांचं, डिस्कचं, चुलीचं बोलायला लागले. रेहानाने मान खाली घालून ऐकून घेतलं. हातातली सुई थांबली नाही.

"म्हणजे माजी चूक नव्हती," ती शेवटी म्हणाली.

"नव्हती. माझी होती."

"मना ते तेव्हाच म्हायती होतं, साहेब. मी टाकलं होतं ना." मग सुई खाली ठेवून ती म्हणाली, "तुमी त्या दिवशी नुसतं बघतो बोलला असतात तरी चाललं असतं. माजीच बाजू घ्यायची नव्हती. बघतो, एवढंच."

ट्रस्टमध्ये परत ये, मी नानांशी भांडतो, असं काहीतरी जाधव म्हणाले. तिचे वडील पहिल्यांदा बोलले. "नाय. आता हापिस नको. पन तुमाला सांगायचंच हाय ना, तर हतं घरात कशास सांगता? घरात आमाला म्हायती हाय. भायेर सांगा. लिलावाला सांगा."

मला वाटलं जाधव टाळतील. पाचच मिनिटांच्या अंतरावर धक्का होता आणि लिलाव ऐन रंगात होता. बोली चढत होत्या, पाट्या ओढल्या जात होत्या, बर्फाचं पाणी पायाखालून वाहत होतं. जाधव त्या चिखलातून पॉलिशच्या बुटांनी पुढे गेले आणि लिलाव पुकारणाऱ्याच्या शेजारी उभे राहिले. ज्या माणसांकडून ते रोज मासे घेत ती सगळी तिथे होती.

"मी जाधव, वरच्या दवाखान्यातला," ते म्हणाले. "रेहानाच्या हातून काही चुकलं नव्हतं."

कुणालाच ऐकू गेलं नाही. मागून कुणीतरी ओरडलं, "काय बोलतोय तो?" तो हळू आवाज, ज्याच्यासाठी अख्खं रुग्णालय पुढे वाकायचं, तिथे पाण्यात पडल्यासारखा झाला. जाधवांची मान लाल झाली. मग ते ओरडले. मी त्यांना कधी ओरडताना ऐकलं नव्हतं, आणि त्यांना ते येतही नव्हतं, मध्येच आवाज फाटला. "रेहानानं नावं टाकली होती! चूक माझ्या कामात होती! माझी होती ती मी तिच्यावर ढकलली! माझी!"

लिलाव क्षणभर थांबला. रेहानाचे वडील एका बाजूला हाताची घडी घालून उभे होते. झैनबबी तिच्या पाटीमागून जाधवांकडे बघत होती. तीच बोलली. "आयकलाव. आता बाजूला व्हा, मालाला उशीर व्हतोय."

जाधव बाजूला झाले. कुणी त्यांना शिवी दिली नाही आणि कुणी पाठीवर हातही ठेवला नाही. बोली परत सुरू झाली. चढण चढून येताना ते मध्येच थांबले आणि म्हणाले, "बाई, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं." त्यानंतर ते बंदरावर मासे आणायला गेल्याचं मी बघितलं नाही. खिळा रिकामाच राहिला.

बातमी वर पोचायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या खोलीत नाना दोन विश्वस्तांशी बोलत उभे होते. "गावात तमाशा करून आले. ट्रस्टची अब्रू घालवली. आता चूक कबूल केलीच आहे त्यांनी स्वतः. शेवटी काय हो, सवलतीतली डिग्री." जाधवांनी अर्धं सोडलेलं वाक्य नानांनी पुरं केलं. मी लेन्सा पुसत होते. पुसतच राहिले. नानांनाही वीज दबते हे कधी खटकलं नव्हतं, विश्वस्तांनाही नव्हतं, आणि रेहानावर आळ घेतला तो नानांनीच, हे सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. तिथून पुढे आलं नाही.

तात्यांचं ऑपरेशन पुढच्या शिबिरात झालं, माखजनच्या आजींचंही. आजींना जाधव स्वतः जाऊन घेऊन आले. ते शिबिर उरकलं आणि त्यांनी राजीनामा दिला. पुण्याला कुठेशी नोकरी मिळाली होती म्हणे.

शेवटच्या दिवशी ते नव्या ऑपरेटर मुलीला काम समजावून देत होते. निरोप घ्यायला म्हणून मी गेले, चपला काढल्या, दारातच उभी राहिले. जाधव स्वतः खुर्चीवर बसून एक नोंद टाकून दाखवत होते आणि मुलगी मागे उभी होती. खाली बंदरावर ट्रॉलर लागले असावेत. बटण दाबायला आणि ट्यूब लवायला एकच गाठ पडली. डिस्क खाकरली, एकदा, दोनदा, आणि मग बारीक घंटा वाजली. पडद्यावर नवा मजकूर उमटला. तो त्यांनी दुरुस्तीच्या वेळी घातला होता, पण मी आजवर वाचला नव्हता. नोंद झाली नाही. पुन्हा टाका. चूक तुमची नाही.

मुलगी घंटेने दचकली होती, वाचून तिचा जीव भांड्यात पडला. आधी तिने मनातल्या मनात वाचलं, मग हसून जाधवांच्या खांद्यावरून बोट दाखवलं.

"साहेब, बघा की. चूक तुमची नाही म्हणतंय."

जाधव पडद्याकडे बघत राहिले. मग त्यांनी ते नाव पुन्हा टाकलं, नोंद झाल्याची खात्री करून घेतली आणि खुर्ची तिच्यासाठी मोकळी केली.

"मशीन खोटं बोलतं, बाळ," ते म्हणाले. आणि बाहेर येऊन बाकावर बसून बुटांच्या नाड्या बांधायला लागले.